डाग

इथर चौतीस पॉइंट सहा अंशांना उकळतं,
पुस्तकात असं छापलंय.
चोपड्यात मे महिन्यात पंचेचाळीस.
देवचंदमामा, आमचे लॅब अटेंडंट,
बाटलीला ओलं गोणपाट गुंडाळून
माठाशेजारच्या वाळूत पुरून ठेवायचे.
"निम्मं तरी ऱ्हाई, बेटा."
कंडेन्सरच्या नळाला पाणी नसायचं;
स्टुलावर बादली, बादलीतून नळी,
आणि खाली मी, थेंब मोजत.

वडील अडावदच्या शिवारात केळीचे घड वाहतात.
चीक आधी पाण्यासारखा असतो,
कुणाच्या लक्षातही येत नाही.
हवा लागली की काळा.
आईनं लिंबू, रॉकेल, सोडा, राख, सगळं करून पाहिलं.
सदरा विरला, डाग नाही.

अर्जात विचारलं होतं, संशोधनाकडे का वळलात?
पाचशे शब्दांत.
मी लिहिलं, लहानपणापासून विज्ञानाची आवड.
सदऱ्याचं नाव काढलं नाही.
लाज वाटली असेल.
त्या वर्षी सगळीकडून नकार आला,
एकाच मजकुराचा, वेगवेगळ्या बोधचिन्हांखाली.

गुणपत्रकं बंद पाकिटात हवी होती, पाकिटावर सही-शिक्का.
जळगावच्या पहिल्या फेरीत शिक्का होता, साहेब नव्हते.
दुसऱ्या फेरीत साहेब होते, पाकिटं संपलेली.
तिसऱ्या वेळी पाकिटं मी घरून नेली.
खैरनार सरांनी शिफारसपत्र
एका बोटानं टाइप केलं, मला व्हरांड्यात बसवून, दोन तास.
त्यात काय लिहिलं ते मला अजून माहीत नाही.
अर्जाची फी डॉलरात;
अकरावीच्या बारा पोरांना मोल समजावून सांगितला,
तेव्हा एका विद्यापीठापुरती जमली.

एकसष्ट प्राध्यापकांना पत्रं.
दोन उत्तरं.
त्यातलं एक, ते रजेवर असल्याचं, यंत्रानं पाठवलेलं.

दुसरं एडमंटनहून.
कारण या खेपेला मी सदरा लिहिला होता.

मुलाखत रात्री साडेअकराला. गावात लाइट गेलेली.
पतसंस्थेच्या ओट्यावर, त्यांच्या इन्व्हर्टरच्या भरवशावर बसले.
कुत्री भुंकत होती. बाईंनी विचारलं,
हेमांगी गुलाब सैंदाणे,
मधलं नाव फुलाचं आहे ना?
म्हटलं, नाही, वडिलांचं.
मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे एवढं ऊन,
इथर कसं ठेवता?
गोणपाटाला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना.
मी हातानं गुंडाळून दाखवलं,
वाळू दाखवली, माठ दाखवला.
त्या हसल्या,
आणि खाली मान घालून काहीतरी लिहून घेतलं.

निघताना आईनं कळण्याचं पीठ बांधून दिलं.
विमानतळावर पांढरा कोट उघडून पाहिला,
खिशावरच्या तपकिरी ठिपक्यापाशी थांबले.
"केमिकल?"
केळी, मी म्हटलं.
त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला.
खरं तर दोन्ही उत्तरं बरोबर होती.

इथे उणे एकतीस.
इथर बाटलीत गुमान बसून असतं.
नळ सोडला की पाणी येतं, पहिले काही दिवस
मी उगाच दोनदा बंद करून पाहायचे.
चीक इथे मिळत नाही, तो मागवावा लागतो,
बर्फात गोठवून, कस्टमच्या कागदांसकट,
एका ग्रॅमची किंमत मी घरी सांगितलेली नाही.

रविवारी वडिलांचा फोन.
मागे पोरं, टीव्ही, कुणीतरी भांडी आपटतंय.
"निंघना का डाग?"
नाही बाबा. आधी तो कशाचा बनतो ते शोधायचं.
"त्याले कितला दिन?"
पाच वर्षं.
पलीकडे बराच वेळ नुसती भांडी.
मग म्हणाले,
"मंग ऱ्हाऊ दे. शर्ट जुनाच शे."