आवाज आला की बोट वर करा

टिळक रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
कपाटाएवढ्या खोलीत मला बसवलंय.
भिंतींना करडा स्पंज. काचेपलीकडे एक मुलगी,
हातात शिसपेन्सिल.
"काका, आवाज आला की बोट वर करा.
अगदी बारीक आला तरी."

बोट.
हे बोट काय आहे ते तुला ठाऊक नाही, पोरी.

एकवीस वर्षं दर रविवारी हे भाड्यानं जायचं.
दीडशे रुपये, पुरीभाजी, बसचं तिकीट निराळं.
सोमवार ते शनिवार खडकीला, दारूगोळा कारखान्यात,
चाचणीच्या खंदकापाशी. डावा कान तिथंच गेला.
उजवा नंतर, हळूहळू,
पाहुणा कुणाला न सांगता पंगतीतून उठतो तसा.
बायकोला कळलं. अंपायरच्या परीक्षेत
त्यांनी डोळे तपासले, नियम विचारले.
नियम मला तोंडपाठ होते.

तर मी चेहरे वाचायचो.
कड लागली की आधी यष्टीरक्षक उडतो,
मग स्लिप, मग गोलंदाज गर्रकन वळतो,
आणि फलंदाज बघतो जमिनीकडे,
किंवा निगरगट्ट असला तर थेट माझ्याकडे.
हा क्रम सहसा चुकत नाही.
लोक म्हणायचे, मोहोळकरांचा कान तिखट.
मी टोपी सारखी करायचो.

खळदकर नावाचा पोरगा. हडपसरहून सायकलवर आलेला,
बॅटीच्या मुठीला जुन्या ट्यूबची पट्टी.
एक्केचाळीसवर खेळत होता.
तंबूत निवड समितीचे दोघं भेळ खात होते, बघतही होते.
चहानंतरचं तिसरं षटक.
सहा नाण्यांतली चार माझ्या डाव्या खिशात गेलेली,
वीस पैशांची, षटकोनी, तेव्हाच बाजारातून उठलेली.

चेंडू बॅटीशेजारून गेला.
स्लिप उडाली, गली उडाली,
गोलंदाज हात पसरून माझ्यावरच धावत आला,
एवढी तोंडं उघडी, सगळ्यांचे दात दिसतायत.
मी बोट वर केलं.

मग दिसला बेहराम. यष्टीरक्षक, कॅम्पातला.
तो उडालाच नव्हता.
चेंडू ग्लोव्हात तसाच धरून
माझ्याकडे बघत होता,
हिशेब चुकवणाऱ्या वाण्याकडे बघावं तसा.

दिलेला निर्णय लगेच बदलता येतो.
असा नियम आहे. सांगितलं ना, तोंडपाठ होते.

खळदकर निघाला. बॅट काखेत, ग्लोव्ह दातांनी सोडवत.
माझ्याजवळून जाताना काहीतरी बोलला.
दोन शब्द, फार तर तीन.
ओठ हलले, पण तोंडात ग्लोव्ह.
तेवढं वाचायला मला आलं नाही.

पुढं तो कुठल्या यादीत दिसला नाही.
म्हणजे मी तरी बघितलं, दोनतीन वर्षं, पेपरात, बारीक टाइपात.
तेव्हापासून त्या तोंडात मी शब्द घालतोय.
पित्त झालेलं असलं की आईबहीण.
सणासुदीला, "लागली नव्हती, सर."
एकदा तापात असताना वाटलं,
तो एवढंच म्हणाला असेल, "पाणी कुठाय?"
तेच सगळ्यात वाईट वाटलं, का कोण जाणे.

स्पंजाच्या खोलीत केवढी शांतता.
कारखान्यात नव्हती, मैदानात नव्हती,
आता मात्र ती कानाला दडा बसावा तशी दाटते.
काचेपलीकडे मुलीच्या भुवया किंचित हलल्या,
पेन्सिल सरसावली,
ओठ आवळले गेले.

बोट वर गेलं.

तिनं दार उघडलं. वाकून, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा:
"काका, मी अजून आवाज दिलाच नव्हता."

मी म्हटलं, "चुकलं.
खोडता येईल का?"

"हो, त्यात काय," ती म्हणाली,
आणि खोडरबर शोधायला लागली.