सगळ्यात स्वस्त

पासो दे लोस लिब्रेसचा पूल. अकरावा दिवस.
रिओ नेग्रोच्या खोऱ्यातली नासपती
ओस्मारच्या ट्रकमध्ये उभ्याउभ्या पिकते आहे.
वास आता कस्टमच्या खिडकीपर्यंत.

खिडकीत नेलिदा तिसऱ्यांदा भावपत्रक खोडते.
सकाळचा पेसो दुपारी राहिला नाही,
आणि परवान्यावर ज्याची सही
तो मंत्री काल रात्रीच माजी झाला.

रेडिओवर कुणी जाणकार समजावतो:
चलन पडलं, म्हणजे आपला माल
जगात सगळ्यात स्वस्त.
आता बघा निर्यात कशी धावते.

धावेल की.
फक्त पुठ्ठ्याची खोकी येतात पलीकडून, ब्राझीलहून,
डॉलर मोजून.
डिझेलवाला उधारीचं नाव काढू देत नाही,
बँकेचं शटर गुडघ्याएवढंच उघडतं,
आणि परवा पलीकडच्यांनीही
आपलं चलन पाडलं. शेजारधर्म.

संध्याकाळी ओस्मार मागचं दार उघडतो.
रांगेतल्या ड्रायव्हरांना, शिपायांना,
पुलाखाली गळ टाकून बसलेल्या पोरांना
दोन-दोन देत सुटतो.
नेलिदा शिक्का बाजूला ठेवून चावा घेते,
रस कोपरापर्यंत.

"फुकट," ओस्मार म्हणतो,
"याच्या खाली कुणी येऊन दाखवावं."