शून्य पॉइंट सहा

जन्मली तेव्हा काहीच नव्हतं.
बाराव्या दिवशी उजव्या पापणीवर लाल ठिपका;
डास चावला म्हणून आम्ही मच्छरदाणी आणली.
दोन महिन्यांत पापणी जांभळाएवढी,
आणि खाली डोळा,
अर्धवट लोटलेल्या दारासारखा.

गिरणारेची मावशी म्हणाली, ग्रहणात काही चिरलं असशील.
हर्षदा रात्रभर आठवत बसली
विळी कोणी घेतली होती, कोथिंबीर कोणी निवडली.
मी कॅलेंडर काढून दाखवलं,
त्या महिन्यात ग्रहण नव्हतंच.
तरी ती विळीला पाठ करून बसायची.

बागूलबाईंनी कागदावर रेघोट्या काढल्या.
'रक्तवाहिन्यांची गाठ. कॅन्सर नाही.
आपणहून वाढते, आपणहून ओसरते.
पण डोळा तोवर थांबत नाही,
बघायला शिकायचं ते आत्ताच.'
आणि लिहून दिलं औषध हृदयाचं.
अण्णांचे हात कापतात ना,
त्यांच्या डबीतलं तेच.

पहिला डोस दवाखान्यात.
पायाच्या अंगठ्याला लाल दिवा, स्क्रीनवर ठोके.
एकशे चाळीस. एकशे अठ्ठावीस. एकशे सोळा.
मी अंबडला लेथवर असतो,
आकडा उतरताना बघायची सवय आहे.
पण तिथे आकड्यामागे लेक नसते.

मग घर.
आधी दूध, मग औषध. उपाशीपोटी कधीच नाही.
ओकली तर पुन्हा द्यायचं नाही.
मिलिमीटरचा शतांश पकडणारा मी
पहाटे ट्यूबलाइटखाली सिरिंज धरायचो.
शून्य पॉइंट सहा.
बुडबुडा दिसला की परत पहिल्यापासून.
अण्णा खाटेवरून म्हणाले,
'तुझाही कापतोय रे.'

चौथ्या दिवशी रंग उतरल्यासारखा वाटला.
हर्षदा म्हणाली, उजेडाचा खेळ.
खिडकीपाशी नेलं, गच्चीवर नेलं,
खाली भाजीच्या गाडीपर्यंत नेलं.
भाजीवाला म्हणाला, काय घ्यायचंय?
काही नाही.
उतरला होता.

वजन वाढलं तसं शून्य पॉइंट आठ, मग एक.
एका रविवारी डावा डोळा तळव्यानं झाकून
मी तिच्यासमोर व्हर्निअर हलवलं.
उजवी बाहुली निघाली
स्टीलच्या चकाकीमागे,
डावीकडे, उजवीकडे,
आणि मी थांबलो तरी बघतच राहिली.

आता पापणीवर थोडी सैल कातडी आहे,
धुतलेल्या फुग्यासारखी. राहील म्हणतात, राहो.
सिरिंज हर्षदाच्या शिलाई मशीनच्या खणात असते.
ती तिनं मशीनला तेल सोडते,
दोन थेंब, चार थेंब,
न मोजता.