चार उभ्या, एक आडवी

बाई म्हणाल्या, ही भिंत घासायची नाही.
मी म्हटलं, बाई, ही नुसती मळलेली नाही,
हिच्या पोटात शंभर वर्षांचं मीठ आहे.
पावसाळ्यात घामाघूम होते.
त्या म्हणाल्या, होऊ दे. तेच तर हवंय.

वेंगुर्ल्याच्या बंदरावरची वखार.
आगबोट बंद झाली, मग हिच्यात
आधी मासळीचा बर्फ, मग मतपेट्या, मग वटवाघळं.
आढं बसलं त्या साली नगरपालिकेनं
लाल रंगात लिहिलं : धोकादायक.
तो शब्दही बाईंनी राखलाय.
तो आता नेमका न्हाणीघराच्या दारावर येतो.

चुना मी शिकलो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, काकांकडून.
त्याआधीचा जन्म सगळा सिमेंटात.
काकांचे डोळे गेलेले. हौदात हात बुडवला,
दोन बोटांत चोळला,
"अजून उपाशी आसा. पंधरा दिस रवांदे."
गूळ घातला, हिरड्याचं पाणी घातलं.
मुंग्या आल्या रांगेनं.
बाईंनी मुंग्यांचाही फोटो काढला.

वजनाच्या काट्याचं झालं स्वागताचं टेबल.
गोणी ओढायच्या आकड्यांना दिवे टांगले.
दारं आणली कोऱ्या सागाची, वास न गेलेली,
आणि सांगितलं, साखळीनं बडवा, जुनी दिसू देत.
पांडू मेस्त्री तीन दिवस दाराला मारत होता
आणि दर फटक्याला त्याची माफी मागत होता.

खोल्यांना नंबर नाहीत.
सोलं, सुंभ, खोबरं, मीठ.
मीठ सगळ्यात महाग. तिथून समुद्र दिसतो,
रात्री खडकावरचा दिवा
पलंगावरून फिरून जातो.

रेघा आहेत त्या ह्याच खोलीत.
कोळशाच्या. चार उभ्या, एक आडवी,
चार उभ्या, एक आडवी,
डोक्यापासून पार गुडघ्यापर्यंत.
पाहुणे विचारतात. पोरं सांगतात, जुनी नक्षी.

लाडू गिरपाला मी हाताला धरून आणला.
ब्याऐंशी वर्षांचा, चपला बाहेर काढून आत आला.
"गोणी इनास कारकून वहीत लिही.
ह्यो आमचो हिशेब.
वहीर इस्वास नाय होतो म्हणान."
मग वाकायला बघितलं, वाकता येईना,
काठीनंच दाखवलं :
"ती खालची माझी. मी तेवढोच होतंय."

बाईंना हे सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या उंचीवर
एक लहान दिवा आला.
कामातली बाई होती, खोटं कशाला बोलू.

एसीची नळी घालताना एक कोपरा फुटला,
तेरा रेघा गेल्या.
बाई फोनवर जुना फोटो धरून उभ्या,
मी चुना ओढला, सुकू दिला, कोळसा घेतला.
हात कापत होता. तेरा काढल्या, जशाच्या तशा.
वर बाईंनी काहीतरी पारदर्शक फवारलं,
पुसू नयेत म्हणून.

बाई आता दुसऱ्या कामावर, दमणला की कुठे.
माझा शेवटचा हप्ता राहिलाय.
मालकांचा हिशेबनीस म्हणतो, ह्या आठवड्यात नक्की.
तो चांगला माणूस आहे, चहा देतो,
वहीत माझं नाव दाखवतो.

भिंतीला ओल आली की बोलावतात मला.
मी जातो, ओल बघतो,
आणि निघताना, त्या कोपऱ्याच्या खाली, एक काढतो.
चार उभ्या, एक आडवी, पुन्हा दोन उभ्या.

परवा एक पाहुणी, पुण्याची असावी,
रेघांवरून बोट फिरवत होती हलकेच,
देवळात फिरवतात तसं.
खाली आली. थांबली.
बोट उलटं करून उजेडात धरलं,
मग माझ्याकडे बघितलं.
बोटाला कोळसा लागला होता.