पीळ

मुहर्रकच्या जुन्या दवाखान्यात, खोट्या छताच्या वर,
एसीची हवा जिथं पोचत नाही तिथं आम्ही पोचतो.
बाहेर सेहेचाळीस. आतलं विचारू नका.
तांब्याला उकाडा सोसत नाही,
तापलं की ते सिग्नल वाटेतच गाळत जातं,
कागदावरचे पंचावन्न मीटर
इथं जेमतेम पंचेचाळीस भरतात.

मालकाला दहा गिग हवंय, जुन्याच केबलींवर.
भिंती फोडायच्या नाहीत, फायबर परवडत नाही.
बिजूमोन म्हणाला, आहे त्यातनं पळव.
म्हटलं पळवतो,
पण धापा मोजायचं यंत्र माझ्या हातात आहे.

एका निळ्या नळीत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या.
प्रत्येकीचा पीळ वेगळा,
हिरवीचा दाट, तपकिरीचा जरा सैल.
सारखाच दिला तर
शेजारणीचं बोलणं हिच्या अंगात उतरतं.

सल्माबादच्या खोलीत आम्हीही आठ. चार दुमजली खाटा.
रात्री दहानंतर सगळे फोनवर.
टेकबहादूर कुजबुजतो, क्लीटस भिंतीकडे तोंड करून,
मी पांघरुणात.
वरच्याचं रडणं खालच्याला ऐकू जातंच,
खालचा सकाळी चहा पुढं करतो, विचारत नाही.

टोकाशी पीळ सोडवावा लागतो, पण नखभरच.
आधीच्या कुणा घाईतल्या माणसानं
चार-चार बोटं उसवून ठेवलेली.
एकवीस नापास. बावीस नापास.
तेवीस पास, पण चांदणीसकट,
दहावीला माझ्या गणितापुढं होती तशी.

मग सत्तेचाळीस.
हिरवा. बावन्न मीटर, ह्या उकाड्यात.
तीनदा मोजलं.
टॉर्च दातांत धरून तिच्या मागावर सरपटत गेलो.
गरम पाइपापासून हातभर लांब,
गठ्ठ्यात न कोंबलेली,
ऐसपैस वळण घेऊन गेलेली एकटी.
आणि त्या वळणावर, धुळीखाली, मार्करनं :
हळू ओढ. पीळ आहे.

देवनागरी तर टेकबहादूरचीही.
त्याला वर बोलावून दाखवलं.
म्हणाला, हे शेवटचं अक्षर आमच्याकडं नाही.
ळ.
दोन वेटोळी एकमेकांत पिळलेली,
कुणीतरी आपल्याकडच्या शाळेत
पाटीवर गिरवलेली, चुकून मार खाल्लेली.

कोण, कधी, विचारायचं कुणाला.
कंत्राट तीनदा बदललंय.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही,
हे आमच्याकडं टोमणा म्हणून म्हणतात,
माझ्या बापाला तर भावकीनं ऐकवलंय कितीदा.
इथं उताणा पडून, घाम कानात जात असताना,
मला ते पहिल्यांदा
कौतुकासारखं ऐकू आलं.

बिजूमोन खालून ओरडला, सत्तेचाळीसचं काय?
पास.
शेऱ्याच्या रकान्यात तेवढंच मावतं.

खिशातला मार्कर वाळलेला होता.
थुंकी लावून त्याच्याखाली लिहिलं,
ओढली नाही.
मग छताची फरशी परत बसवली.
एक कोपरा जरा वर राहिला.
राहू दिला.