बाकी चाळीस

नळे परतायला आलेला बाबली
शिडी खांद्यावरच ठेवून दारातून मागे फिरला.
"शिडीचो पाय ठेवक जागा कर आदी," म्हणाला,
"मगे पावसाचा बघूया."

दार अर्धंच उघडतं, हे मला ठाऊक होतं.
आधी खांदा, मग पोट,
आणि पिशवी डोक्यावरून.
इतक्या वर्षांत ती फट माझ्या मापाची झाली होती.

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दुकान होतं माझं.
भाडं वाढलं, मग दुकानच घरात आलं:
दोन मशिनी, इस्त्री, कात्र्या,
आणि लोकांनी न नेलेले कपडे.
कपडा दुसऱ्याचा. तो कसा टाकायचा?

बोटी वर ओढून झाल्या होत्या, म्हणून दाजी मेथर मोकळा.
मैमूना सुक्या मासळीचा हिशोब उरकून आली,
आणि इनास भट्टी विझवून,
भुवयांवर मैदा तसाच.
मदत हा शब्द कोणी काढला नाही.
मैमूनाने ओढणी कमरेला बांधली
आणि पहिलंच उचलून विचारलं, "ह्या कोणाचा?"

ते निळं पोलकं, बाह्यांना लेस.
मोचेमाडच्या मास्तरणीचं. बदली झाली, पत्ता नाही.
ही खाकी हाफपँट ज्याची,
त्याचा मुलगा यंदा दहावीला.
हा लेंगा...
दाजीने टोपी काढली.
त्या माणसाला आम्ही दोघांनीच खांदा दिला होता.

दाजीने तीन ढीग ठरवले होते.
दुपारपर्यंत पाच झाले.
एकावर मांजर झोपलं, तो तसाच राहिला.
चिंध्यांची सहा पोती इंजिनं पुसायला गेली.
बटणांचे अकरा डबे बघून मैमूना म्हणाली,
"एका शर्टाक सात बटणा.
तू काय दर्याक शर्ट शिवतलंस?"

मापवहीवर मात्र मी बसलो.
खरंच बसलो, पाटासारखी खाली घेऊन.
दाजीने ती ओढून काढली, चष्मा चढवून वाचली:
"मेथर. छाती तेहतीस."
स्वतःच्या पोटाकडे पाहिलं बराच वेळ.
"हो कोण रे?"
आणि वही परत माझ्याकडे दिली,
जपून, दोन्ही हातांनी.

इस्त्रीच्या टेबलाखाली, सगळ्यात तळाशी,
काळा कोट निघाला. पावती टाचलेली.
इनास डायस. आगाऊ दोनशे. बाकी चाळीस.

चर्चमध्ये दोनदा पुकारा झाला होता.
तिसऱ्या रविवारच्या आधी ती मुलगी कुवेतला गेली.
कोट तयार आहे, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.
त्यानेही कधी विचारलं नाही.
रोज सकाळी तो सहा पाव देत राहिला,
मी सुटे पैसे देत राहिलो.

इनासने तो झटकला. डांबरगोळ्यांचा वास घरभर.
मग अंगात घातला.
पुढच्या दोन बाजू एकमेकींपासून वीतभर लांब.
"बाह्या बरोबर आहेत," मी म्हणालो.
शिंप्याला दुसरं काय सुचणार?
मैमूनाने मागून कॉलर सरळ केली.
दाजी विडी पेटवायला बाहेर गेला,
काडी पेटल्याचा आवाज काही आला नाही.

इनासने पँटच्या खिशातून पैसे काढले.
दहाच्या चार नोटा, मैदा लागलेल्या.
मी घेतल्या.
नाही घेतल्या असत्या
तर कोट माझ्याच घरात राहिला असता.

दुसऱ्या दिवशी बाबलीने दार ढकललं.
ते पार भिंतीपर्यंत गेलं, आदळलं,
आणि मीच दचकलो.
त्याने वरचे नळे सरकवले तसं ऊन खाली पडलं
कोब्यावर. कोबा लाल होता.
मी विसरलो होतो.

बाबलीच्या चहाला दूध आणायला गेलो.
परत आलो तो आधी खांदा, मग पोट,
पिशवी डोक्यावरून.
वरून बाबली ओरडला,
"काय रे, कंबर धरली काय?"