चार बोटं डावीकडं

आत्या गेली, तेव्हा माझ्या वाट्याला दोन वस्तू आल्या.
मशीन नसलेलं शिलाई मशीनचं पायडल
आणि आजोबांची रायफल.

पायडल डब्यासकट भंगारात दिलं.
रायफल तशी देता येत नाही. तिला दाखले लागतात, फोटो लागतात,
भावांच्या सह्या लागतात,
आणि जुना राजवाडा ठाण्यात
हवालदार मान वर न करता विचारतो,
"मॅडम, तुम्ही काय करणार हिचं?"
म्हटलं, अजून ठरलं नाही.
त्यानं रकान्यात लिहिलं : आत्मसंरक्षण.

चाळीस वर्षं ती इरकलीत गुंडाळलेली कपाटात उभी होती.
निवडणूक लागली की रिक्षात बसून ठाण्यात जायची,
निकालानंतर परत यायची.
गव्यासाठी घडवलेल्या बंदुकीनं
नुसती सरकारं पडताना पाहिली.

बाबालाल शिकलगारांनी आधी नळीचा वास घेतला.
"खोबरेल घातलंय कुणीतरी."
आत्यानं.
"चुकीचं केलं," ते म्हणाले,
आणि थोड्या वेळानं, "पन केलं ते चांगलं केलं."

तीन आठवडे रॉकेल.
खोबरेलाचा डिंक झालेला, स्प्रिंग मेलेली,
दस्त्याला चीर गेलेली, हात धरतो नेमकी तिथं.
तिच्यात त्यांनी शिसवीची चीप बसवली,
इतकी बारीक, की बोटाला कळते, डोळ्याला नाही.
काडतूस तर आता कुठल्याच कारखान्यात बनत नाही.
दुसरीच कुठली पितळी टोपणं कातून, ठोकून
त्यांनी पाच केली.
"पाचच?" "पाच लई झाली."

रविवारी टोपच्या खाणीत सुरुंग बंद असतात.
रायफल ट्रकच्या टायरला आवळून बांधली,
चापाला सुतळी, आणि सुतळीच्या टोकाला आम्ही दोघं, डंपरच्या आड.
"पयला बार माणसानं घ्यायचा नसतो.
शंभर वर्साच्या म्हातारीला मान द्यावा,
तोंड फुडं करू ने."

ओढली.
खाणीच्या चारी भिंतींनी तो बार
एकमेकींना सांगितला.
कपारीतले पारवे उठले, फिरले, परत बसले.
बाबालालनी टोपण उन्हात धरून गोल फिरवलं.
"फुटलं न्हाई. पडा आता तुमी."

पोत्यावर पालथी पडले.
समोर लग्नपत्रिकेची कोरी पाठ,
तिच्यावर चहाचा कप ठेवून काढलेलं वर्तुळ.
एक. दोन. तीन.
खांद्यात तीनदा आजोबा.

तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून,
वर्तुळाच्या बाहेर, चार बोटं डावीकडं.

बाबालालनी डोळ्याला भिंग लावलं.
"हे सरकलेलं न्हवं, बाई. सरकवलंय.
पितळी हातोडीनं. आन् वर टोच्यानं टिंब मारलंय,
पुन्यांदा जागेवर येऊ ने म्हनून."

आजोबांचा नेम कधी चुकला नाही,
हे आमच्याकडं जेवताना सांगितलं जायचं, लोणच्यासारखं थोडं थोडं.
दाजीपूरचं रान, हाकारे, साहेब पाहुणे.
पण घरात एक शिंग नाही, कातडं नाही,
एका फोटोत पायाखाली काही नाही.
विचारलं, की आत्या म्हणायची, वाळवीनं खाल्लं.

कुणी ठोकलं असेल?
आजोबांनीच? हाक्यातल्या कुणी?
की लग्न न करता, उभा जन्म सरळ शिवण घालत बसलेल्या बाईनं?
तिच्या मशीनच्या डब्यात हातोडी होती का,
ते बघायचं राहून गेलं.

"सरळ करू? दोन मिन्टाचं काम हाय."

एक काडतूस उरलं होतं.
म्हटलं, असू दे.
पुन्हा पालथी पडले, दस्ता गालाला लावला,
शिसवीच्या चिपेवर अंगठा ठेवला
आणि जिथं काहीच नव्हतं तिथं,
वर्तुळाच्या उजवीकडं, चार बोटं,
नेम धरला.

पत्रिका काढून बाबालालनी घडी घातली, खिशात ठेवली.
कुठं लागलं ते सांगितलं नाही.
म्हणाले, "खोबरेल घालू नका आता,"
आणि स्टँडवरून स्कूटर काढली.